वॉशिंग्टन सरोवराचे दुखणे

गावाचे सांडपाणी तळ्यात सोडले तर तळे बिघडते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण तेच सांडपाणी केंद्रात नेऊन, नियमाप्रमाणे शुद्ध करून मग तळ्यात सोडले आणि तरीही तळे बिघडू लागले, तर? केंद्र चालवणारा म्हणेल, माझे काम चोख आहे. आरोग्य खाते म्हणेल, रोगजंतू मर्यादेत आहेत. तळे मात्र वर्षागणिक अधिक गढूळ होत जाईल. अशा वेळी दुखणे ओळखायचे कोणी, उपाय सुचवायचा कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी?

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल शहरापुढे १९५५ च्या सुमारास नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर कसे सापडले, ती हकिगत विज्ञानाच्या इतिहासात जितकी महत्त्वाची आहे, तितकीच नागरिकशास्त्राच्या तासालाही उपयोगी पडेल अशी आहे.

शहर आणि सरोवर

सिॲटलच्या पश्चिमेला प्यूजेट साउंड ही समुद्राची खोल खाडी आहे आणि पूर्वेला वॉशिंग्टन सरोवर. सरोवर लांबट आहे. क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर, सरासरी खोली ३३ मीटर आणि सर्वांत खोल जागी सुमारे ६५ मीटर. डोंगरातून येणाऱ्या सीडर नदीचे स्वच्छ पाणी त्यात येते आणि दोन-तीन वर्षांत सरोवरातील पाणी जवळजवळ पूर्ण बदलते. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिॲटलचे मैलापाणी सरळ सरोवरात जात असे. १९३० च्या दशकात शहराने मोठ्या वाहिन्या टाकून आपले बहुतेक मैलापाणी खाडीकडे वळवले. प्रश्न मिटला असे वाटले. पण १९४० मध्ये सरोवरावर तरंगता पूल झाला. पूर्वेचा काठ शहराच्या हाकेच्या अंतरावर आला आणि तिथे भराभर नव्या वसाहती उठल्या. प्रत्येक वसाहतीचा कारभार वेगळा, प्रत्येकीचे सांडपाणी वेगळे. १९४१ पासून पुढे एकामागून एक अशी अकरा शुद्धीकरण केंद्रे सरोवराभोवती उभी राहिली. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांतून दररोज साडेसात कोटी लिटर पाणी सरोवरात पडत होते, आणि तेही ‘शुद्ध केलेले’!

लाल धाग्यांची चाहूल

वॉशिंग्टन विद्यापीठात त्या वेळी टॉमी एडमन्सन नावाचे प्राध्यापक होते. तळ्यांचा अभ्यास हा त्यांचा विषय. त्यांच्या आयुष्यातील एक धागा आपल्या देशाशी जुळतो. येल विद्यापीठातील प्रसिद्ध सरोवरशास्त्रज्ञ हचिन्सन १९३२ मध्ये लडाखच्या सरोवरांचा अभ्यास करण्यासाठी आले होते. त्यांनी नेलेल्या नमुन्यांतील रोटिफर नावाच्या सूक्ष्म प्राण्यांवरचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हचिन्सन यांच्या बरोबरीने एडमन्सन यांचे नाव होते. एडमन्सन यांचा जन्म १९१६ चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते! सूक्ष्मदर्शकातून पाण्याचा थेंब पाहण्याची गोडी त्यांना लागली ती अशी शाळकरी वयात.

जून १९५५ मध्ये एडमन्सन यांच्या गटाला वॉशिंग्टन सरोवराच्या पाण्यात एक तांबूस, धाग्यासारखे नील-हरित शैवाल सापडले. त्याचे नाव ऑसिलेटोरिया रुबेसेन्स (आता त्याला प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स म्हणतात). सामान्य माणसाच्या लेखी ही काही बातमी नव्हे. पण युरोपातील सरोवरांचा इतिहास ज्याने वाचला होता, त्याच्या मनात या नावाने धोक्याची घंटा वाजणे साहजिक होते.

स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवरात हेच शैवाल १८९८ मध्ये मोठ्या प्रमाणावर दिसले होते आणि त्यानंतर त्या सरोवराची अवस्था बिघडत गेली. त्याच देशातील मुर्टन सरोवर या शैवालाने लाल झाले, तेव्हा लोकांनी त्याला ‘बर्गंडीचे रक्त’ असे नाव दिले. १४७६ च्या लढाईत तिथे मारल्या गेलेल्या बर्गंडीच्या सैनिकांचे रक्त वर येते, अशी समजूत होती. आर्थर हॅसलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये अशा अनेक सरोवरांची माहिती एकत्र करून दाखवले होते की, काठच्या वस्तीचे सांडपाणी आत येऊ लागले की थोड्याफार फरकाने हीच कहाणी घडते.

सुदैवाने वॉशिंग्टन सरोवराची १९३३ आणि १९५० मध्ये शास्त्रीय पाहणी झालेली होती. त्या वेळी कोणालाही पुढचा प्रश्न ठाऊक नव्हता. पण तापमान, प्राणवायू, फॉस्फेट यांची मापे कोणीतरी नीट टिपून ठेवली होती. त्यांच्याशी १९५५ च्या मापांची तुलना करता आली. उन्हाळ्यात सरोवराच्या तळाकडील पाण्यातला प्राणवायू आता पूर्वीपेक्षा वेगाने संपत होता. एकच नमुना हाती असता तर हे कळलेच नसते. जुनी वही होती म्हणून दुखण्याची दिशा दिसली.

शुद्ध पाण्यातली मेख

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. केंद्रातून येणारे पाणी शुद्ध होते, मग बिघाड कशाने?

त्या काळच्या शुद्धीकरणात गाळ खाली बसवत आणि उरलेले सेंद्रिय पदार्थ जिवाणूंकडून खाऊन घेत. त्यामुळे पाण्याची दुर्गंधी जाते आणि ते नितळ दिसते. पण जिवाणूंनी खाल्लेल्या पदार्थांतील सगळा फॉस्फरस आणि सगळे नत्र नाहीसे होत नाही. त्यांतील बराचसा भाग फॉस्फेट आणि नायट्रेटसारख्या विद्राव्य क्षारांच्या रूपाने पाण्यातच राहतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर केंद्र कच्च्या शेणखताचे रासायनिक खत करून देते. ते खत सरोवरात पडले की पीक येते ते शैवालाचे. शैवाल मरून खाली बसते, कुजते आणि कुजताना तळाचा प्राणवायू ओढून घेते. या क्रियेला सुपोषण म्हणतात. नाव चांगले आहे, पण परिणाम वाईट.

या खतात फॉस्फरसचे महत्त्व विशेष आहे. शैवालाची पेशी घडताना साधारणपणे १ ग्रॅम फॉस्फरसमागे ७ ग्रॅम नत्र आणि ४० ग्रॅम कार्बन लागतो. हिशेब केला तर १ ग्रॅम फॉस्फरसच्या बळावर सुमारे १०० ग्रॅम (वाळल्यावरचे वजन) शैवाल तयार होऊ शकते. कार्बन हवेतून मिळतो, नत्रही बहुधा इतर मार्गांनी येते. पण स्वच्छ सरोवरात फॉस्फरस अगदी कमी असतो. घरात डाळ, कणीक, तूप भरपूर आहे. पण गूळ एका वाटीपुरताच आहे, तर पुरणपोळ्या किती होतील? गूळ पुरेल तेवढ्याच. सरोवरातला गूळ म्हणजे फॉस्फरस. आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन सरोवरात येणाऱ्या एकूण फॉस्फरसपैकी अर्ध्याहून अधिक या अकरा केंद्रांतून येत होता.

याचा अर्थ सरळ होता. केंद्रे अधिक चोख चालवून दुखणे बरे होणार नव्हते. ते पाणी सरोवरात येणेच थांबवायला हवे होते. पण सरोवराच्या काठावर अनेक स्वतंत्र नगरपालिका आणि मैलापाणी मंडळे होती. एकीने खर्च केला तरी दुसरीचे पाणी येतच राहणार. सगळ्यांना एकत्र बांधणारी कायदेशीर संस्थाच अस्तित्वात नव्हती.

वकील आणि शास्त्रज्ञ

ही अडचण ओळखणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. जेम्स एलिस हे तिशीतले वकील, नगरपालिकांच्या कर्जरोख्यांची कामे पाहणारे. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. त्याच्या वाट्याचे आयुष्यही आपण सार्वजनिक कामात घालवावे, असे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ठरवले होते. सिॲटल आणि भोवतालच्या गावांचे सामाईक प्रश्न सोडवण्यासाठी एक महानगरसंस्था हवी, असे ते १९५३ पासून सांगत होते. १९५६ मध्ये सिॲटलच्या महापौरांनी या विषयावर नागरिकांची समिती नेमली आणि एलिस तिचे अध्यक्ष झाले.

एडमन्सन यांनी एलिस यांना एक सविस्तर टिपण लिहून पाठवले. सामान्य माणूस विचारील असे प्रश्न आणि त्यांची सोपी उत्तरे, असे त्याचे स्वरूप होते. सरोवर कसे बदलले आहे? सांडपाणी येतच राहिले तर काय होईल? औषध टाकून शैवाल मारून का टाकू नये? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपणही देऊ शकतो. शैवाल मेले तरी त्याच्यातला फॉस्फरस पाण्यातच राहतो आणि पुढच्या पिकाला खत मिळते.

या पत्रव्यवहारातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमुक करा, असा हुकूम शास्त्रज्ञाने सोडला नाही. हे केले तर असे होईल, ते केले तर तसे होईल, एवढे त्याने सांगितले. निवड लोकांची. पण निवड करण्यासाठी लोकांना कळायला हवे, आणि ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगणे हे त्याने स्वतःचे काम मानले.

एकदा हरलेले मतदान

महानगरसंस्था स्थापण्याची परवानगी देणारा कायदा १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने केला. पण अट अशी होती की, सिॲटल शहरात आणि शहराबाहेरच्या भागात अशी दोन्हीकडे स्वतंत्रपणे बहुमताची मंजुरी मिळायला हवी. मार्च १९५८ मध्ये मतदान झाले. शहराने होकार दिला, बाहेरच्या भागाने नकार. योजनेत मैलापाण्याबरोबर वाहतूक आणि नियोजन हेही विषय होते. मोठे शहर आपल्याला गिळणार, डोक्यावर आणखी एक सरकार बसणार, करही वाढणार, अशी भीती काठच्या गावांना वाटली. ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येणार नाही.

इथे कित्येक चळवळी संपतात. कार्यकर्ते लोकांना अडाणी म्हणतात, लोक कार्यकर्त्यांना स्वप्नाळू म्हणतात आणि फाईल कपाटात जाते. एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे होऊ दिले नाही. लोक कशाला नाही म्हणाले, हे त्यांनी समजून घेतले. वाहतूक आणि नियोजन वगळले. सीमा आखडती घेतली. ‘फक्त मैलापाणी’ एवढाच प्रश्न ठेवला. घरटी महिना साधारण दोन डॉलर खर्च येईल, हेही लपवले नाही. त्या उन्हाळ्यात सरोवर आपली बाजू स्वतःच मांडत होते. पाणी गढूळ होते आणि काही किनाऱ्यांवर पोहण्यास मनाई होती. अशा मनाईच्या फलकापाशी उभ्या असलेल्या लहान मुलांचे छायाचित्र प्रचारात वापरले गेले. महिला मतदार संघटनेच्या आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या.

सप्टेंबर १९५८ मध्ये पुन्हा मतदान झाले. सिॲटलमध्ये ५८ टक्के आणि शहराबाहेर ६७ टक्के मते अनुकूल पडली. सहा महिन्यांपूर्वी ज्या भागाने नकार दिला होता, त्याच भागात आता शहरापेक्षा मोठा होकार मिळाला! ‘मेट्रो’ नावाची संस्था जन्माला आली.

सरोवर त्या वेळी मेलेले नव्हते, हे महत्त्वाचे. सर्वांत वाईट दिवस अजून यायचे होते. लोकांनी आजच्या त्रासाबरोबर उद्याच्या त्रासाचाही विचार करून खिशात हात घातला होता आणि त्या उद्याचे वर्णन त्यांना शास्त्रज्ञाने करून दिले होते.

भाकिताची परीक्षा

सरोवराभोवती मोठ्या वाहिन्या टाकण्याचे काम १९६१ मध्ये सुरू झाले. एकूण खर्च सुमारे १४ कोटी डॉलर आणि त्याचा बहुतेक भार स्थानिक लोकांनी उचलला. १९६३ मध्ये पहिल्या केंद्राचे पाणी वळवले गेले आणि १९६८ मध्ये शेवटच्या. मधल्या काळात सरोवराची स्थिती इतकी वाईट झाली की त्याला ‘दुर्गंधी तळे’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. १९६३ च्या उन्हाळ्यात पांढरी चकती पाण्यात सोडली, तर ती सरासरी एका मीटरवर दिसेनाशी होई.

आता खरी परीक्षा होती. गाळात साठलेला फॉस्फरस वर्षानुवर्षे बाहेर येत राहील आणि एवढा खर्च पाण्यात जाईल, अशी शंका होती. एडमन्सन यांचे म्हणणे होते की सरोवर लवकर सुधारेल. ते खोल आहे, तळाचा प्राणवायू पूर्ण संपलेला नाही, म्हणून गाळ फॉस्फरस धरून ठेवील. आणि नदीचे स्वच्छ पाणी दोन-तीन वर्षांत सरोवर धुऊन काढील. सुरुवातीचा तपशील इथे कामाला आला.

१९६८ मध्ये चकती पावणेतीन मीटरच्या आसपास दिसू लागली. १९७० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एडमन्सन यांनी आकडे मांडले. हिवाळ्यातील फॉस्फेट १९६३ च्या तुलनेत २८ टक्क्यांवर आले होते, पण नायट्रेट मात्र सुमारे ८० टक्के तसेच होते. उन्हाळ्यातील शैवालाचे प्रमाण फॉस्फेटच्या मागोमाग उतरले होते. नायट्रेटशी किंवा कार्बन डायऑक्साइडशी त्याचा तसा संबंध दिसत नव्हता. गूळ कोणता, हे आता प्रत्यक्ष सिद्ध झाले. कपडे धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवरून त्याच सुमारास अमेरिकेत मोठा वाद चालू होता. दोष फॉस्फरसचा नसून कार्बनचा आहे, असाही युक्तिवाद होत होता. त्याला एका आख्ख्या सरोवराने उत्तर दिले होते.

निसर्गाने एक अनपेक्षित भरही घातली. १९७६ पासून सरोवरात डॅफ्निया हा टाचणीच्या डोक्याएवढा, शैवाल गाळून खाणारा जीव मोठ्या संख्येने दिसू लागला. त्याला खाणारी एक छोटी कोळंबी कमी झाली होती, कारण तिला खाणारे मासे वाढले होते. शिवाय डॅफ्नियाच्या गाळणीत अडकणारे ते लाल धागेही संपले होते. पाण्याची पारदर्शकता जवळजवळ दुप्पट झाली. हे भाकीत कोणीही केलेले नव्हते. पण मापे घेणे चालू होते म्हणून ते लक्षात आले आणि त्याचे कारणही शोधता आले.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

ही गोष्ट इथेच संपवली तर ती परीकथा होईल.

पहिली गोष्ट अशी की, सांडपाणी नाहीसे झाले नाही. ते दुसरीकडे गेले. मोठा भाग वेस्ट पॉइंट येथील केंद्रातून प्यूजेट साउंडमध्ये जाऊ लागला. १९६६ मध्ये हे केंद्र सुरू झाले तेव्हा तिथे फक्त प्राथमिक शुद्धीकरण होत असे. खाडी खोल आहे, भरती-ओहोटीने पाणी जोरात ढवळले जाते, त्यामुळे सरोवराइतका धोका नव्हता. तरीही या निर्णयावर टीका झाली. १९७२ च्या जलशुद्धी कायद्यानुसार दुसऱ्या टप्प्याचे शुद्धीकरण बंधनकारक झाले आणि वेस्ट पॉइंटला ते १९९५ मध्ये आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऐन पावसात तिथली यंत्रणा बंद पडली आणि कोट्यवधी लिटर न शुद्ध केलेले पाणी खाडीत गेले. मतदान एकदा होते, राखण मात्र रोजची असते.

दुसरी गोष्ट, प्रत्येक तळे वॉशिंग्टन सरोवर नसते. अमेरिकेतच मिनेसोटा राज्यातील शागावा सरोवरात येणाऱ्या सांडपाण्यातील फॉस्फरस १९७३ मध्ये जवळजवळ थांबवला. पण सरोवर उथळ असल्याने गाळातून फॉस्फरस येत राहिला आणि सुधारणा फार सावकाश झाली. आपल्याकडची बहुतेक तळी उथळ आहेत आणि आठ महिने त्यांत नवे पाणी येत नाही. म्हणजे आपल्याला उशीर करणे अधिकच महाग पडते.

आपल्या वहीत

१९३३ मध्ये वॉशिंग्टन सरोवर मापणाऱ्यांना आपली मापे पुढे कशाला उपयोगी पडणार, हे माहीत नव्हते. आपल्या गावच्या तळ्याची अशी वही कोणाकडे आहे? शाळेइतकी चांगली जागा तिला मिळणार नाही, कारण विद्यार्थी बदलले तरी शाळा तिथेच असते.

साधन सोपे आहे. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती घ्या. तिचे चार समान भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि दर दहा सेंटिमीटरवर खूण केलेल्या दोरीने धक्क्यावरून किंवा पुलावरून पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, या दोहोंची सरासरी लिहा. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली ही पद्धत आजही जगभर चालते. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि महिन्यातून दोनदा, एवढा नियम पाळावा. मुलांबरोबर मोठे माणूस असावे.

वर्गात आणखी एक प्रयोग करता येईल. तळ्याचे पाणी चार काचेच्या बाटल्यांत घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीत चिमूटभर सुपर फॉस्फेट, तिसरीत चिमूटभर युरिया, चौथीत दोन्ही घाला. उजेडाच्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवा. कोणती बाटली आधी हिरवी होते? आपल्या तळ्यातला गूळ कोणता, याचा काहीसा अंदाज त्यावरून येईल.

मग कधीतरी नगरपालिकेकडे अर्ज घेऊन जाण्याची वेळ आलीच, तर ‘तळे घाण झाले आहे’ एवढेच म्हणावे लागणार नाही. किती, केव्हापासून आणि कोणत्या नाल्यामुळे, हे सांगता येईल. आणि ‘उपाय केला तर काय फरक पडेल?’ असे समोरच्याने विचारले, तर ‘केल्यावर पुन्हा मोजून दाखवू’ असे म्हणता येईल.